जुन्याची सर

जुन्या इंग्रजी विज्ञानकथा-मालिकेची नवी आवृत्ती पाहून पूर्णिमा भडकली. खराडीच्या ऑफिसच्या ग्रुपवर तिने ठणकावून लिहिलं, "जुन्याची सर नाही! कारखाना बंद पडल्यावरही म्हातारा कामगार रोज येऊन यंत्रमानवाचं तेलपाणी करतो, तो जुना भाग बघा. हल्ली असं कोणाला सुचतच नाही."

पुरावा म्हणून तिने तो भाग इंटरनेटवर शोधून काढला. शेजारी पेपर वाचत बसलेले तिचे वडील, हिंमतराव, पुढे सरकले. "केबल नवीन आली तेव्हा आपण बघायचो, तीच ना गं? मलाही दाखव की."

"बाबा, इंग्रजी आहे. तुम्हाला काय कळणार?" म्हणत तिने हेडफोन चढवले.

"तेही खरंच," म्हणून त्यांनी पुन्हा पेपर उचलला.

भाग सुरू झाला. कारखाना तोच, म्हातारा तोच. पण हा म्हातारा शेवटच्या दिवशी यंत्रमानवाला भंगारात काढतो आणि शीळ घालत घरी जातो. तेलपाणी कुठेच नाही. तिने दोनदा मागे नेऊन पाहिलं.

मग तिला आठवलं. तेव्हा ती मराठी शाळेत तिसरीत होती, इंग्रजीचा गंधही नव्हता. फर्स्ट शिफ्ट करून आलेले बाबा शेजारी बसून तिला एकेक वाक्य मराठीत सांगायचे.

पूर्णिमाला मान वर करवेना.



बाबांची शाळा सातवीत सुटली होती, आणि त्यांच्या गावच्या शाळेत इंग्रजी आठवीपासून होतं.