कोठीतली ओळ

सुनेने दुपारी कामाच्या खोलीतल्या संगणकावर ते नवं मॉड्यूल एकदाचं इन्स्टॉल केलं. त्याचं पोटात एक नि ओठांत एक असं नव्हतं. फाइलीत साठवलेलं असेल तेच ते पायरीपायरीने मांडून दाखवायचं. एकदा दाखवलेली गोष्ट पुन्हा आली, की तिच्यापुढे नुसतं 'वर आलंय' लिहायचं.

चाचणीसाठी तिने घरच भरलं, कोणत्या खोलीत कोण ते. कामाची खोली: मी. कोठी: रिकामी. स्वयंपाकघर: सासूबाई.

पडद्यावर उमटलं, 'कोठी: मी, वर आलंय.'

"हात्तिच्या! माझीच चूक," म्हणत तिने कोठीचा रकाना पुसला, फाइल साठवली आणि पुन्हा चालवली.

कोठी गेली. तिच्या जागी आलं, 'बोळ: मी, वर आलंय.'

कोठीतून स्वयंपाकघराकडे जाणारा तो बोळ तर तिने भरलाच नव्हता.

तिने तिसऱ्यांदा कळ दाबली. बोळ नाहीसा झाला होता. शेवटची ओळ होती, 'स्वयंपाकघर: सासूबाई, मी, वर आलंय.'

"आलीस का गं?" तिकडून सासूबाईंचा आवाज आला. "कोठीत एवढा वेळ काय शोधत होतीस?"

खुर्चीत बसल्या बसल्या तिने तोंड उघडलं. पण उत्तर स्वयंपाकघरातूनच आलं, तिच्याच आवाजात.

"सापडली, आई. कामाच्या खोलीत बसलीये."