शहेजादचं पान

असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज आटोपून नजमाखाला चटईवरच बसल्या आणि त्यांनी आपल्या मुलाचा, शहेजादचा, जुना फोन त्याच्या कॉलेजातल्या मैत्रिणीपुढे, रुपालीपुढे धरला.

"आज तूच वाच. तरन्नुम अजून कॉलेजातून आली नाही."

येरवड्यातल्या या दोन खोल्यांत हे रोजचंच होतं. शहेजाद आणि रुपालीने शिकत असताना मोठ्या फायली दाबून लहान करणारं एक सॉफ्टवेअर लिहिलं होतं आणि कुणीही फुकट वापरावं म्हणून नेटवर एका पानावर ठेवलं होतं. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं ते वापरत आणि त्या पानावर आभाराच्या चार ओळी लिहीत. शहेजाद अपघातात गेला, तेव्हा मौलवीसाहेब म्हणाले होते की माणसाने मागे ठेवलेली वस्तू जोवर लोकांच्या कामी येते, तोवर तिचा सवाब, तिचं पुण्य, त्याला कबरीत पोचत राहतं. कुणी विहीर खोदतं, कुणी झाड लावतं. "माझ्या पोरानं हे केलं," असं खाला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्या ओळी रोज धाकट्या लेकीकडून, तरन्नुमकडून वाचून घेत आणि लिहिणाऱ्यासाठी दुआ मागत.

रुपालीने फोन घेतला. पान उघडलं नाही. उघडणार नाही हे तिला ठाऊक होतं.

"नेट गेलं असेल," खाला म्हणाल्या. "आमच्या गल्लीत ते नेमकं कामाच्या वेळी जातं."

"नेट आहे, खाला. पान मीच काढलं. आज सकाळी."

खालांनी फोन परत घेऊन डोळ्यांजवळ धरला.

"कंपनीने पेटंट घेतलंय त्याचं. आता ते कंपनीचं झालं, फुकट वाटायचं नाही म्हणाले. ऐकलं नसतं तर नोकरी गेली असती."

चांगली चालते म्हणून तिने फायली दाबायची तीच युक्ती ऑफिसच्या कामात वापरली होती आणि तिथंच ती फसली; कामात वापरलेलं सगळं कंपनीचं, असं नोकरीच्या करारातच होतं. पेटंटवर शहेजादचंही नाव घाला, असं तिने एकदा बोलून पाहिलं. तो आपला कर्मचारी नाही, एवढंच साहेबांनी ऐकवलं. वर टाळ्या वाजवून तिच्या एकटीच्या नावाचं काचेचं सन्मानचिन्ह दिलं. ते आत्ता तिच्या सॅकमध्ये होतं. दाखवायला आणलं होतं की कुठेतरी टाकून द्यायला, तिचं तिलाच कळत नव्हतं. लाज मात्र मनापासून वाटत होती. खालांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

खाला गुडघ्यावर हात टेकून उठल्या. फोन पुसून त्यांनी फडताळात ठेवला.

"नोकरी नको घालवूस बेटा. हल्ली मिळतात कुठं? बस, चहा टाकते."

त्यांनी गॅस पेटवला, आधण ठेवलं. साखरेचा डबा उघडला आणि चमचा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. रुपालीकडे त्यांची पाठ होती.

"म्हणजे आजपासून त्याला काही पोचणार नाही, असंच ना?"