समुद्राकडची खोली

वळण आलं तसा मास्तरांचा उजवा पाय पायाखालच्या रबरी मॅटवर दाबला गेला. मागच्या सीटला ब्रेक नसतो हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? पण उभी हयात ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून काढलेली. पाय ऐकतोय थोडाच.

"बाबा, दुसरा गिअर आहे, घाबरू नका," सूनबाई आरशातून बघत म्हणाली.

"मी कुठे घाबरलो? चालू दे."

मुलगा पुढे तिच्या शेजारी बसून समुद्राकडे बघत होता. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खाली फुटणाऱ्या लाटा आणि मधून कसाबसा अंग चोरून जाणारा रस्ता. गाडी भाड्याची होती. किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं, वाटेल तिथे थांबायचं, हा बेत मुलाचाच. "बाबा, तुम्ही आलंच पाहिजे," असं तो दोनदा म्हणाला, तेव्हाच मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली होती.

निघताना त्याने चावी बायकोच्या हातात दिली आणि मास्तर काय ते समजले. गाडी म्हटली की हा ताटावरून उठायचा. पण मास्तरांचा एक नियम होता आणि तो त्यांनी पोटच्या पोराकडूनही घोकून घेतला होता: मनावर ओझं असेल त्या दिवशी चावी दुसऱ्याकडे द्यावी. पोराने नियम पाळला होता.

राहिलेली शंका पहिल्याच मुक्कामात फिटली. मास्तर गॅलरीत टॉवेल वाळत घालत होते आणि खाली अंगणात सूनबाई फोनवर होती. "हो, खोली समुद्राकडचीच हवी. देखभाल चोवीस तास आहे ना? नाही, बाबांना अजून सांगितलेलं नाही. तिथे पोचायच्या आधी सांगू."

मास्तरांनी टॉवेलला चिमटा लावला. राग यायला हवा होता. त्यांनी वाट पाहिली, आला नाही. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल बधिर होतो, तसं आतून सगळं झालं होतं. बायको गेल्यापासून ते या दोघांकडेच राहत होते. घर लहान, माणसं तीन, त्यातलं एक सारखं खोकणारं. आपलेच दात, आपलेच ओठ. बोलणार कुणाला?

पुढे मग ते नुसते दाखवतील ते बघत राहिले. कड्यावर कोरलेली जुनी माणसं आणि मासे बघितले. होड्या बांधायची शेड बघितली. तिथला सुतार होडीच्या नाकावर डोळे रंगवत होता. एका दीपगृहाच्या पायऱ्या चढले. मुलगा प्रत्येक ठिकाणी खालच्या पहिल्या बाकावर बसायचा.

"तुम्ही बघून या, बाबा. मी आहे इथे."

"अरे, म्हातारा कोण आहे आपल्यात?"

"आज मी," मुलगा हसून म्हणाला.

बोकडाला आधी खाऊपिऊ घालतात, तसं चाललंय, मास्तरांना वाटलं. आपल्याला पोटभर समुद्र दाखवायचा आणि स्वतः मान खाली घालून बसायचं. जेवतानाही पोराच्या घशाखाली घास उतरत नव्हता. अर्धा पाव तसाच राहायचा आणि सूनबाई ताट बाजूला करायची. चोराच्या मनात चांदणं. मास्तरांना त्याची कीवच आली.

"बाबा, तुमचं लायसन्स अजून चालू आहे ना?" मधेच एकदा सूनबाईने विचारलं.

"आहे की."

तिथे दाखल करून घेताना ओळखपत्र लागत असेल, मास्तरांनी मनात म्हटलं.

शेवटच्या दिवशी दुपारी गाडी एका टेकडीवर चढली. वर लांबलचक बैठी इमारत होती. व्हरांड्यात आरामखुर्च्या आणि त्यांत शाली पांघरून माणसं बसलेली, सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. सूनबाईने इंजिन बंद केलं, पण हात स्टिअरिंगवरच ठेवले. मुलाने पट्टाही सोडला नाही.

पोरांना किती ताटकळत ठेवायचं? मास्तर स्वतःच उतरले. डिकीतून आपली बॅग काढून त्यांनी पायाशी ठेवली. मुलगाही दाराला धरून सावकाश उतरला.

"बाबा, तुम्हाला एक सांगायचं होतं..."

"काही सांगू नकोस. मला सगळं माहीत आहे."

मुलाने बायकोकडे बघितलं. तिने मान हलवली, मी नाही.

"कधी कळलं तुम्हाला?"

"तू चावी तिच्याकडे दिलीस, त्याच दिवशी."

मुलगा दाराला टेकला. "मला वाटलं होतं, तुम्ही मोडून पडाल. म्हणून हिला म्हटलं, आधी चार दिवस नुसते हिंडू. मग बोलू."

"मोडायचं काय त्यात?" मास्तर म्हणाले. आवाज अगदी साधा निघाला, याचं त्यांनाच बरं वाटलं. "पिकलं पान कधी तरी गळणारच. जागा छान शोधलीत. माझी कसलीही तक्रार नाही. तुम्ही दोघांनी मनाला लावून घ्यायचं नाही."

हे ऐकून सूनबाई स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडायला लागली. मुलाने पुढे होऊन मास्तरांना, लहानपणीही कधी मारली नव्हती तशी मिठी मारली. शर्टाच्या आत त्याचं अंग हाताला फारसं लागलंच नाही. गाडी चालवत नाही, जेवत नाही, वाळला आहे. किती जिवाला लावून घेतलं पोराने, मास्तरांना वाटलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा आतला बधिरपणा जरा उतरला. त्यांनी त्याची पाठ थोपटली.

आतून एक नर्स चाकांची खुर्ची ढकलत आली. मास्तरांनी मिठी सोडवली, सदरा सारखा केला आणि बसायला एक पाऊल पुढे टाकलं.

नर्सने हसून खुर्ची त्यांना वळसा घालून पुढे नेली आणि मुलाचा दंड धरून त्याला हळूच खाली बसवत ती मास्तरांना म्हणाली, "बॅग आणलीत ते बरं केलंत, घरच्यांना शेवटपर्यंत जवळ राहता येतं इथे."