बिनखताचा वाफा

गव्हाच्या तीन वाफ्यांपैकी एकाला आम्ही खताचा कणही दिला नव्हता. खत मिळालं नाही की पानांतलं हरितद्रव्य किती घटतं, हेच तर मला मोजायचं होतं. माझी अख्खी पदवी त्या पिवळेपणावर टांगलेली, आणि वाफ्याचा शेडमागचा कोपरा मात्र दिवसेंदिवस हिरवागार होत चाललेला!

सर सगळ्यांसमोर माझ्यावर उखडले. "कोण चोरून युरिया टाकतंय इथे? तुमचं लक्ष कुठे असतं, मॅडम? चोर सापडला नाही, तर प्रयोग रद्द समजा."

मला रडूच आलं. त्या कोपऱ्यातलं पान न् पान मी तपासलं होतं. मीटर लावायला हात मोकळे हवेत, म्हणून खुडलेली पानं ओठांत धरायची माझी सवय. आज मात्र कामाला हातही न लावता मी शेडच्या खिडकीआड पाळत ठेवून बसले.

चहाच्या सुट्टीत चोर आला. त्याने इकडेतिकडे पाहिलं, वाफ्याकडे तोंड करून तो बांधावर उभा राहिला आणि शीळ घालत निवांत मोकळा झाला.

शी! मी ओढणीने ओठ घासूनघासून पुसले.



मग सरांनी पँटची चेन वर ओढली, त्याच हाताने एक पान खुडलं आणि आत येऊन माझ्या नाकासमोर धरलं. "बघा, केवढं हिरवं झालंय! काय मॅडम, सापडला का चोर?"