निरीक्षणाचा पाठ

रूपालीबाईंनी जिल्ह्याचा नकाशा फळ्यावर अडकवला, तेवढ्यात हेडसरांनी दारातूनच त्यांना खुणेनं बाहेर बोलावलं. वर्गाच्या मागं खुर्चीत बसलेल्या निरीक्षकांनी घड्याळाकडं पाहिलं.

व्हरांड्यात हेडसर अगदी हळू बोलले. वर्गातल्या निशिगंधाचे वडील गेले. कागलच्या एमआयडीसीतून रात्रपाळी करून येताना हायवेला त्यांची मोटारसायकल ट्रकखाली सापडली. आई तिकडं दवाखान्यात त्यांच्यापाशी होती आणि पोरीला न्यायला हुपरीहून मामा निघाला होता. तो येईपर्यंत तिला कळू द्यायचं नाही, असा निरोप होता. तिला ऑफिसात आणून बसवावं, तर तिथं शिपाईमावशी आत्ताच डोळ्याला पदर लावून बसली होती.

“पाठ पुढं ढकलायचा का?” हेडसरांनी विचारलं खरं, पण उत्तर दोघांनाही ठाऊक होतं.

डी.एड. न करताच रूपालीबाई या खासगी शाळेत लागल्या होत्या आणि तिसरीचा वर्ग वर्षानुवर्षं सांभाळत आल्या होत्या. मग नियम आला. ज्यांच्याकडं पदविका नाही, त्यांनी नोकरीत राहून ती मिळवायची, नाहीतर घरी बसायचं. रविवारचे वर्ग झाले, स्वाध्याय झाले, लेखी परीक्षा झाली. निरीक्षकांसमोरचा हा एवढा पाठ उरला होता. मुदत संपत आली होती आणि निरीक्षक पुन्हा यायचे नव्हते.

“घेते, सर,” बाई म्हणाल्या. पोरीसाठी म्हणाल्या की स्वतःसाठी, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

निशिगंधा दुसऱ्या बाकावर बसली होती. आज बाईंची परीक्षा हाय, हे अख्ख्या वर्गाला माहीत होतं. निशिगंधानं तर ते फारच मनावर घेतलं होतं. प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचा हात वर. बाईंनी पहिला प्रश्न तिला विचारला. तिनं खणखणीत उत्तर दिलं आणि हसून खाली बसली. प्रश्न वर्गभर फिरवायचे असतात, हे बाईंना रविवारच्या वर्गात घोकून घोकून शिकवलं होतं. त्या मागच्या बाकांकडं वळल्याही. पण निशिगंधाचा हात पुन्हा वर गेला होता. हसतीय तोवर हसू दे, असं बाईंच्या मनात आलं, आणि दुसरा प्रश्नही त्यांनी तिलाच विचारला. तिसराही.

मग तिला नकाशापाशी बोलावलं. तिनं पंचगंगा बोटानं दाखवली. वारणानगर दाखवलं. हुपरी दाखवताना म्हणाली, हे मामाचं गाव. कागलवर बोट ठेवलं ते उचललंच नाही.

“इथं माझे पप्पा हायत, बाई.”

पोरं हसली. रूपालीबाईंना पुढचा प्रश्न आठवेना. पाठाचं टाचण टेबलावर उघडं पडलं होतं, त्यातली अक्षरं लागेनात.

“कागल कोल्हापूरच्या कुठल्या दिशेला?” त्यांनी कसंबसं विचारलं.

“दक्षिणेला.”

दारात एक माणूस येऊन उभा राहिला होता. चपला त्यानं बाहेरच काढल्या होत्या.

“पिराजीमामा!” निशिगंधा म्हणाली. “पप्पांनी पाठवलं व्हय?”

पिराजीनं बाईंकडं पाहिलं. बाईंनी मान खाली घातली.

“व्हय,” तो म्हणाला. “चल.”

दप्तर भरता भरता ती बाईंपाशी येऊन हळूच म्हणाली, पाठ तर अजून अर्धाच झालाय, मी जाऊ न्हवं? बाईंनी तिच्या दप्तराचा पट्टा खांद्यावर नीट बसवला आणि जा म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी काय शिकवलं, त्यांना सांगता आलं नसतं. मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा कुठं त्या थांबल्या.

निरीक्षक वाईट माणूस नव्हते. सगळी हयात शिकवण्यात घालवून निवृत्त झालेले होते. त्यांनी बाईंना खिडकीजवळच्या टेबलापाशी बसवून घेतलं आणि शांतपणे सांगितलं. नकाशा छान, आवाज छान. पण सगळे प्रश्न एकाच मुलीला. ती गेली आणि पाठ कोसळला. निरीक्षकासमोर हुशार पोर पुढं करायची युक्ती त्यांनी पुष्कळ शाळांतून बघितली होती. असा पाठ मान्य करता येत नव्हता.

पेनाचं टोपण काढून त्यांनी शेऱ्याचा कागद पुढं ओढला. “काही कारण असलं तर सांगा, बाई. मी विचार करीन.”

कारण ओठावर होतं. एका वाक्याचं काम होतं.

खिडकीतून पटांगण दिसत होतं. हेडसरांशी बोलायला पिराजी ऑफिसात गेला होता आणि निशिगंधा मैत्रिणींच्या घोळक्यात उभी राहून, मला आज लवकर सुट्टी, असं सांगत होती. तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या घरातल्यांना सुद्धा ते सांगायला तोंड फुटत नव्हतं. तेच बाईंनी इथं बसून, शेऱ्यासाठी, परक्या माणसाला सांगायचं होतं.

“कारण काही न्हाय, सर,” त्या म्हणाल्या.

निरीक्षकांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं.

पिराजी बाहेर आला. त्यानं गाडी सुरू केली. निशिगंधा मागं बसली, मामाच्या शर्टाला धरलं आणि वर्गाच्या खिडकीकडं वळून बघितलं. बाई दिसताच तिनं भुवया उडवून, मोकळ्या हाताचा अंगठा वर करून विचारलं, पास?

रूपालीबाईंनी मान हलवली. हो.

फाटकातून बाहेर पडेपर्यंत पोरगी हात हलवत होती.