कोपराच्या खळीत

“वाकवा कोपर,” डॉक्टर म्हणाले.

मिस्त्रींनी डोळे मिटले, ओठ आवळले. गळ्याच्या शिरा फुगल्या, कपाळावर घाम आला. उशीवर आडवा ठेवलेला त्यांचा उजवा हात मात्र होता तसाच राहिला. बांधकामावर परांचीवरून पडताना मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ओढला गेला, हाताकडे जाणारी नस ताणली गेली, त्याला आता सात महिने होत आले होते.

डॉक्टर चार पावलांवर, खिडकीशी फाइल घेऊन उभे होते. व्यायामोपचाराच्या या खोलीत स्नायूच्या ताकदीला शून्य ते पाच असे गुण मिळत. पाच म्हणजे धडधाकट, शून्य म्हणजे निर्जीव. मिस्त्रींच्या दंडापुढे दर पंधरवड्याला एक शून्य पडत आलं होतं. आजचं शेवटचं. ते पडलं की उपचार बंद आणि हात कायमचा गळ्यातल्या झोळीत.

“तुम्ही कसर ठेवली नाहीत, मिस्त्री. आता डाव्या हाताची सवय करून घ्या.”

“डॉक्टर, हलतं हो ते,” मिस्त्रींची बायको स्टुलावरून उठत म्हणाली. “अंघोळ मीच घालते ना यांना, माझ्या हाताला लागतं. दोन महिने झाले, दर खेपेला सांगते मी.”

“ताई, तो भास. माया असते म्हणून तसं वाटतं.” समजूत घालण्यात डॉक्टरांचा हातखंडा होता. ते भिंतीवरच्या, कातडी सोललेल्या माणसाच्या चित्राकडे वळले. “हे बघा. स्नायू म्हणजे धाग्यांची मोळी. मोळीत जुडगे, जुडग्यात केसासारखे धागे, आणि एकेका धाग्याच्या पोटात त्याहून बारीक तंतू.” दोन्ही हातांची बोटं समोरासमोर धरून त्यांनी एकमेकांत सरकवली. “मेंदूचा निरोप आला की तंतू असे सरकतात, स्नायू आखडतो, हाड ओढलं जातं. त्याला ओढणंच ठाऊक, ढकलणं नाही. म्हणून देवानं जोडी करून दिलीय. पुढचा कोपर वाकवणार, मागचा सरळ करणार. एकानं ओढ धरली की दुसऱ्यानं सैल सोडायचं.”

“म्हणजे संसारच की,” मिस्त्री घाम पुसत म्हणाले. “आमच्यात सैल कोण सोडतं ते तेवढं विचारू नका.”

“तुम्ही गप्प बसा हो.” बायको हसली नाही. “निरोप येतोय, डॉक्टर. थोडाच, पण येतोय.”

“आला असता तर मला दिसला नसता का?”

“पोटातलं पोर पहिल्यांदा हलतं, ते कुणाला दिसतं?”

आणि तिनं सरळ डॉक्टरांचं मनगट धरलं, त्यांना उशीपाशी आणलं आणि त्यांची दोन बोटं नवऱ्याच्या कोपराच्या खळीत ठेवली. “अहो, आता ओढा. खांदा नको. घास तोंडाशी नेताना ओढतो ना माणूस, तसं.”

आधी काहीच नाही. मग बोटांखाली दोरीसारखं काहीतरी किंचित ताठलं आणि सुटलं.

“पुन्हा,” डॉक्टर खाली वाकत म्हणाले.

पुन्हा ताठलं. पुन्हा सुटलं. हात तसूभरही हलला नव्हता.

शून्य आणि एक यांतला फरक डोळ्याला कळत नाही, तिथे बोटच ठेवावं लागतं. या कामातला हा पहिला धडा. डॉक्टरांनी स्वतः किती जणांना तो शिकवला होता. पहिल्या दिवशी त्यांनी बोट ठेवलंही असेल. मग बाहेरची रांग वाढत गेली आणि ते कधी खिडकीशी जाऊन उभे राहिले, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

“किती गुण?” मिस्त्रींनी विचारलं.

“एक.”

“शून्याचा एक!” मिस्त्रींचा चेहरा उजळला. “बघितलंस? डॉक्टरांचा हात लागला आणि जीव आला. उगाच नाही लोक लांबलांबून येत यांच्याकडे!”

डॉक्टरांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. बायकोनं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. ती त्यांना उघडं पाडणार नव्हती. तेच त्यांना सोसवेना.

“आज नाही आला, मिस्त्री,” ते कसेबसे म्हणाले. “आधीच आला होता. ताई खरं सांगत होत्या. मी लांबून बघत राहिलो. बोट लावलंच नाही. या स्नायूकडून दोन महिने रोज काम करून घ्यायला हवं होतं. काम नसलं की धागे रोडावत जातात.”

“मग ते दोन महिने?” बायकोनं विचारलं.

“गेले.”

“आणि हात? येईल ना कामाला?”

“प्रयत्न करू. किती येईल, मला आज सांगता येत नाही.”

बाहेर रांगेत कुणीतरी खोकलं. मिस्त्री आपल्या वाळलेल्या दंडाकडे बघत होते.

“ओळंब्याची दोरी न सोडता नुसत्या नजरेनं भिंत चढवली, तर आमच्यात मुकादम ती पाडायला लावतो,” ते सावकाश म्हणाले. आवाजात राग नव्हता. “तुमच्यात कोण लावतं, डॉक्टर?”

डॉक्टरांनी बोटं काढून घ्यायला हात हलवला.

“राहू द्या तिथंच,” मिस्त्री म्हणाले. “अजून ओढतो.”

डॉक्टर मान खाली घालून, उशीवर वाकून तसेच उभे राहिले. बोटांखाली ती दोरी ताठत होती, सुटत होती, ताठत होती.