वरच्या फळ्या

पटाशी तुळईत मुठीपर्यंत घुसली. हातोडा मारावाच लागला नाही. सुताराने ती ओढून काढली तेव्हा पात्याला लाकूड नव्हतं, काळपट लगदा होता, आणि त्यात दोन पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. कुजक्या कांद्यासारखा वास आला. त्याने पटाशी गवताला पुसली, हात पँटला पुसला. वास गेला नाही.

डेक, म्हणजे घराबाहेर काढलेला लाकडी सज्जा, त्याच्या ताईच्या घराचा होता. घर उतारावर. स्वयंपाकघराच्या दारातून सरळ डेकवर पाऊल पडायचं, पण त्याच्या दुसऱ्या टोकाखाली दीड पुरुष पोकळी होती आणि तळाशी दगड. सुतार त्या पोकळीत मान वर करून उभा होता. बांधणाऱ्याने खांब थेट मातीत पुरले होते. फळ्या एकमेकींना भिडवून ठोकल्या होत्या, पाणी निथळायला काडीएवढी फट नव्हती. साधे लोखंडी खिळे गंजून फुगले होते. इथे वर्षातले आठ महिने पाऊस. पावसाने लाकूड मरत नाही, पाणी साचल्याने मरतं, हे सुतार तीस वर्षं कानीकपाळी ओरडून सांगत आला होता. त्याने बांधलेले डेक वीस-वीस वर्षं हलत नसत. लोक त्याला ‘टिकाऊ’ म्हणूनच ओळखत.

तो वर आला. भाऊजी दारात उभं राहून चहा पीत होते.

“सगळंच काढावं लागेल,” सुतार म्हणाला. “खांबांसकट. तीन आठवडे धरा.”

“तीन आठवडे? शनिवारी घर बघायला माणसं येतायत. वरच्या फळ्या तेवढ्या बदल. खाली कोण डोकं घालतंय?”

“खाली लाकडाचा नुसता चिखल झालाय, भाऊजी. माणूस पडेल.”

“पडेल तेव्हा आपण थोडेच असणार इथे?” भाऊजी हसले. “आणि तुझ्या ताईला काही बोलू नकोस. उगाच जिवाला घोर लावून घेईल.”

सुताराला त्या हसण्याची शिसारी आली. अवजारं उचलून तो निघालाच असता. पण तेवढ्यात ताई हात पुसत आतून आली.

“होईल ना रे शनिवारपर्यंत? मला या घराचा वीट आलाय. भिंतींना बुरशी, कपाटात बुरशी, उशीला बुरशीचा वास. एकदाचं विकलं की सुटले.”

आई गेल्यावर याच ताईने त्याला वाढवलं होतं. सुतार खाली बघत म्हणाला, “होईल.”

मग त्याने ते केलं. कुजक्या फळ्या उपटल्या तशा खालून गोगलगायी निघाल्या, बोटांना चिकटल्या. तुळईवर स्क्रू धरेना, तिथे त्याने बाजूला नव्या लाकडाच्या पट्ट्या ठोकून तेवढ्यापुरती पकड आणली. घर विकेपर्यंत कोसळू नये म्हणून खाली दोन टेकू दिले. तेल ओलं आहे असं सांगून ताईला डेकवर येऊ दिलं नाही. वर मात्र सगळं त्याच्या रीतीने झालं. फळ्यांची टोकंसुद्धा तेलात बुडवलेली, मधल्या फटी सारख्या, न गंजणारे स्क्रू एका ओळीत. काम देखणं झालं. ते बघून त्याला थुंकावंसं वाटलं. घरी जाऊन त्याने तीनदा साबणाने हात धुतले आणि ताटावरून तसाच उठला.

शनिवारी एक शिक्षिका आली, सोबत तिची म्हातारी आई. म्हातारीने काठीने नवी फळी ठोकून बघितली.

“टिकाऊ म्हणतात ते तुम्हीच ना?” तिने विचारलं. “शेजारी म्हणाले, तुम्ही केलाय. आम्ही खरं तर खाली उतरून बघणार होतो. पण तुमचं काम म्हटल्यावर काय बघायचं? मी रोज इथे खुर्ची टाकून बसणार.”

आठवडाभर भाऊजींची किळस करत तो काम करत होता. पण कुजकं लाकूड भाऊजींच्या शब्दावर कुणी घेतलं नसतं.

“आजी, मागे व्हा. दाराशी उभ्या राहा,” तो म्हणाला. “फक्त वरच्या फळ्या माझ्या आहेत. खालचं सगळं सडलंय.”

तो गुडघ्यावर बसला आणि मधल्या फळीचे स्क्रू एकेक करून उलटे फिरवू लागला. कुणी त्याला अडवलं नाही. फळी उचलली तसा वास वर आला. शिक्षिकेने नाकाला रुमाल लावला. सुताराने तुळईत नुसतं बोट रोवलं. ते पेरापर्यंत आत गेलं.

“काय थट्टा लावलीयस?” भाऊजी दारातून म्हणाले. मग पाहुण्यांकडे वळून त्यांनी आवाज मऊ केला. “अहो, चार वर्षं हे असंच आहे. पडायचं असतं तर कधीच पडलं असतं.”

शिक्षिका आईचा हात धरून घरात गेली. सुतार बोट पुसायचं विसरून भाऊजींकडे बघत राहिला. ताई पुढे आली. तिने उघड्या जागेतून खाली बघितलं. तुळईचा लगदा बघितला, त्याखालचे दगड बघितले. पावसाने उघडीप दिली की रोज ती ओल्या कपड्यांची भरली बादली घेऊन त्या टोकाला जायची. कठड्याला रेलून दोरीवर चादरी टाकायची.

“तरीच,” ती नवऱ्याला म्हणाली. “तरीच चार वर्षांत तुम्ही एकदाही इथे पाऊल टाकलं नाहीत.”